डब्याच्या पत्र्यातली लॉरी

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा दोंडाईच्यातल्या लॉऱ्या कोळशावर चालू लागल्या. केबिनच्या मागे एक उंच लोखंडी पिंप बसवलेलं असायचं. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याचा गॅस नळीनं इंजिनात सोडायचा. माझा थोरला भाऊ अशीच एक लॉरी चालवत असे. तापीपलीकडच्या गावांतून कापूस भरायचा आणि दोंडाईच्याच्या सरकी काढायच्या जिनात आणून टाकायचा. त्याच्याबरोबर क्लीनर म्हणून सातपुड्याच्या पायथ्याचा एक गडी होता, भाऊच्याच वयाचा. कोळसा घालणं, विस्तव फुलवणाऱ्या पंख्याचा दांडा फिरवणं, राख काढणं ही त्याची कामं. दोघं एका ताटात जेवत. आमच्या घरी आला की तो दारातच हातपाय खसखसून धुवायचा, तरी वहिनीनं दिलेल्या तांब्यावर त्याची काळी बोटं उमटायचीच. मग तो लाजून तांब्या राखेनं घासून परत द्यायचा.

कोळशाच्या गॅसवर इंजिनाला जोर कमी. तापीच्या पात्रातून काठावर येणारा चढ भरलेल्या गाडीला जड जाई. तिथं क्लीनर खाली उतरायचा आणि लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाशेजारून चालायचा. गाडी थांबली की ठोकळा चाकामागे सरकवायचा, इंजिन दम धरी, पुन्हा थोडं वर. माघ महिन्यातल्या एका सकाळी ठोकळा लागला, पण खालची माती ओली होती. ठोकळा घसरला आणि गाडी मागे आली. क्लीनर चाकाखाली सापडला. गाडी तशीच घसरत खाली वाळूत आडवी झाली आणि भाऊ दारात अडकला. त्याची कंबर मोडली.

धुळ्याच्या दवाखान्यातून भाऊ घरी आला तो पाठीवरच. कमरेखाली त्याला काही कळत नव्हतं. माझं पत्र्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. रॉकेलचे डबे कापून मी चिमण्या, नरसाळी, कंदिलांची बूडं करत असे. भाऊची खाट आम्ही तिथंच टाकली, म्हणजे येणारी-जाणारी माणसं त्याला दिसतील. माणसं यायची, पायांकडे बघायची आणि हवापाण्याचं बोलून निघून जायची. क्लीनरबद्दल कुणी विचारलंच तर भाऊ एवढंच सांगायचा, "तो तठेच गया. त्याले काही समजनं नही." क्लीनरचा बाप आला होता, त्यालाही त्यानं हेच सांगितलं.

होळीच्या सुमारास ती लॉरी आमच्या दारावरून गेली. मालकानं ती उचलून आणून दुरुस्त केली होती, नवा हिरवा रंग दिला होता, नवा ड्रायव्हर बसवला होता. भाऊनं आवाजावरून ओळखली. मान उचलून तो बघत राहिला. गाडी वळणाआड गेल्यावर मला म्हणाला,

"तू एवढा पत्रा कापस. मन्ही गाडी बनाडी दे."

मला वाटलं, त्याचं मन तरी रमेल. डब्याचा पत्रा कापून मी केबिन केली, तिच्यामागे पिंप उभं केलं, बॉनेट वाकवलं, नवसागर लावून सांध्यांना कथलाचा डाख दिला. मागच्या फळ्या सागाच्या चिपांच्या, चाकं लाकडाची, त्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर. हातभर लांबीची गाडी झाली. हिरवा रंग देऊन, वाळवून ती मी त्याच्या छातीवर ठेवली. त्यानं ती एकदा फिरवून बघितली.

"हाई मन्ही नही. हाई मालकनी शे," तो म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मग माझ्या ध्यानात आलं. दारावरून गेली तशीच चकचकीत गाडी मीही केली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसलो आणि विचारलं, "भाऊ, कशी व्हती, सांग."

तो सांगत गेला. उजव्या मडगार्डला पोचा होता, धरणगावच्या बाजारात बैलगाडीची दांडी लागून पडलेला. मी लहान हातोडीनं तसा पोचा पाडला. "एवढा खोल नही," तो म्हणाला. तो उठवून मी दुसरा पाडला. ड्रायव्हरच्या दारावर कोपर टेकून टेकून रंग गेलेला होता, तिथं मी चिंधीनं घासून पत्रा उघडा केला. गंज कसा आणावा ते मला येत नव्हतं. विटेची पूड डिंकात कालवून लावली तर ती विटेची पूडच दिसे. मग पत्र्यावरची कल्हई खरवडून त्यावर चिंचेचं पाणी आणि मीठ लावून ठेवलं, तेव्हा खरा गंज धरला. चाकांच्या आत काळी माती, पायरीवर तापीची वाळू, फळ्यांच्या फटींत कापसाचे तंतू. भाऊ खाटेवरून बोट दाखवायचा, मी लावायचो, तो मान हलवायचा. पुष्कळदा नकाराचीच.

वहिनीला हे सहन होत नव्हतं. ती भाऊला कूस बदलून द्यायची, पाठीवरच्या जखमा धुवायची, त्याला भरवायची आणि त्या गाडीकडे बघायचीसुद्धा नाही. एकदा ती मला माजघरात म्हणाली, "एक मानूस मातीमा गया, एक खाटवर पडना, आनि तुमले खेळनं सुची राहिनं?" पण भाऊ बोलत होता, जेवत होता, आणि मला तेवढं पुरे होतं.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की भाऊ पुढच्या बाजूचंच सांगतो. बॉनेट, दारं, काचा. मागचं फळकूट आणि मागची चाकं अजून नवीकोरी होती. विचारलं की म्हणायचा, "राहू दे." गाडी ठेवायची तीही मागची बाजू भिंतीला लावून.

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. डोक्यावर मोहाच्या फुलांचं गाठोडं, पाय धुळीनं भरलेले. तिनं खाटेकडे बघितलं, मग भिंतीशी ठेवलेल्या गाडीकडे. ती क्लीनरची बायको होती. ड्रायव्हर लोकांकडून तिच्या कानावर गेलं होतं की इथं ती गाडी केली आहे.

वहिनी बाहेर आली. "आठे बठ, बाई."

ती बसली नाही. "मी गाडी दखाले उनू," ती म्हणाली. "मन्हा धनी ज्या गाडीवर व्हता, ती मी कधीच दखी नही."

मी गाडी उचलून तिच्या हातात दिली. तेव्हा ती खाली बसली आणि मांडीवर घेऊन गाडीच्या सगळ्या अंगांवरून बोटं फिरवू लागली.

"तो कोठे बठे?"

भाऊनं केबिनमधली डावी जागा दाखवली.

"आनि त्या दिन?"

मला वाटलं, आता भाऊ तोंड फिरवणार. पण त्यानं हात लांब केला आणि मागच्या चाकावर बोट ठेवलं. "आठे."

"सासरा सांगे, तो तठेच गया."

"नही," भाऊ म्हणाला. "बैलगाडी येवालोंग जिता व्हता. मी त्याले दखी र्‍हायंतू. मन्हा हात पुरना नही."

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. बैलगाडी मदतीला येईपर्यंत क्लीनर जिवंत होता, हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं.

"काय बोलना?" त्या बाईनं विचारलं.

"पानी मांगं. नदी समोरच व्हती. मी देवू शकनू नही." त्याचं बोट चाकावरून पिंपावर गेलं. "मंग बोलना, पिंपमाधला इस्तो इझाडा, कोळसा फुकट जाई राहिना."

गाडी वाळूत आडवी पडली होती, दोघं अडकलेले होते, आणि त्या माणसाला पिंपातला विस्तव विझवायची काळजी होती. बाई म्हणाली, "घरमा बी तसाच. भाकर व्हयनी का चुल्हामाधलं लाकूड काढी ले." एवढं बोलली आणि तिचा आवाज फुटला. गाडी मांडीवर तशीच धरून ती रडत राहिली. वहिनीनं ती तिच्या हातातून काढून घेतली, माझ्याकडे दिली आणि तिला आत नेलं.

आत त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. जेवून, ऊन उतरल्यावर ती निघाली. दारात तिनं भाऊला विचारलं, "तुम्ही बरं व्हशात का?" भाऊ म्हणाला, "नही." तिनं मान हलवली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

त्याच संध्याकाळी भाऊ मला म्हणाला, "आते मांगनं कर."

मागच्या फळकुटाची एक साखळी तुटलेली होती, तिथं तार बांधलेली. पिंपाच्या झाकणाजवळ फडक्यानं पुसल्याचे काळे फराटे. डाव्या चाकाच्या रबरावर काप. तो न अडखळता सांगत होता. काजळी हवी म्हणून मी चिमणी पेटवायला लागलो तर वहिनीनं तव्याच्या बुडाची काजळी खरवडून वाटीत आणून दिली. जवसाच्या तेलात ती कालवून मी पिंपाला लावली. गाडी पुरी झाली तेव्हा भाऊनं ती बराच वेळ हातात धरली. "हाई शे," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, आता तो जरा सावरेल. तसं झालं नाही. उन्हाळ्यात त्याच्या पाठीच्या जखमा चिघळल्या, ताप उतरेना. आषाढात तो गेला. तापीला पूर होता, नाव बंद होती. पलीकडे निरोप पाठवायचा तरी कसा? नंतर काही ड्रायव्हर लोक आपापल्या गाड्या करून मागायला आले. मी नाही म्हणालो. भाऊची गाडी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली.

दिवाळीनंतर जिन सुरू झाले तेव्हा ती बाई कामाला म्हणून दोंडाईच्याला आली आणि आमच्या दारात उभी राहिली. खाटेची जागा रिकामी बघून तिला कळलं. वहिनीनं तिला घरातच ठेवून घेतलं. मग वहिनीही तिच्याबरोबर कापूस निवडायला जाऊ लागली. आमच्या घरातली बाई त्याआधी कधी कामाला गेली नव्हती. नातेवाईक बोलले, वहिनीनं ऐकून सोडून दिलं. सकाळी दोघी एकत्र निघायच्या, दिवस मावळता केसांत रुई अडकलेली घेऊन परत यायच्या. नवऱ्यांचं बोलणं त्या माझ्यासमोर कधी काढत नसत. भाजीला मीठ जास्त झालं, मुकादम ओरडला, असलंच काहीतरी बोलायच्या.

पुढच्या हंगामात त्या बाईनं जिनाच्या मागे स्वतःचं झोपडं घातलं आणि गावाकडून लेकीला आणलं. ती घर सोडून गेली हे वहिनीला फार लागलं. काही दिवस ती माझ्याशीही धड बोलली नाही. मग एका बाजाराच्या दिवशी बांगडीवाल्याकडून लहान मापाच्या बांगड्या घेऊन ती जिनामागच्या झोपड्याकडे गेली आणि अंधार पडेपर्यंत परतली नाही.