नवी करवंटी

किटलीची तोटी करवंटीला लागू नये म्हणून शिपायाने हात खांद्यापर्यंत उचलला आणि वरून चहा ओतला. काही थेंब माझ्या बोटांवर उडाले. मी हात हलू दिला नाही. सवय होती.

प्रजासत्ताक दिन होता. खाडीकाठच्या आमच्या शाळेपुढे पोफळीच्या सोटावर झेंडा चढला होता. अध्यक्ष खोत. कायद्याने त्यांची खोती गेली होती. खुर्ची राहिली होती. मी त्या शाळेत शिक्षिका. त्याच गावच्या महारवाड्यात वाढलेली. चारचौघांत बोलण्याचे मला भय वाटे. तरीही हेडमास्तरांच्या सांगण्यावरून मी राज्यघटनेतली काही वाक्ये गावासमोर वाचली होती. अस्पृश्यता नष्ट झाली आहे, हेही वाचले. न अडखळता. टाळ्या पडल्या. खोतांनीही वाजवल्या.

मग चहा आला. सर्वांना कपबशी. मला करवंटी.

हेडमास्तर जवळ आले. सज्जन गृहस्थ. हळूच म्हणाले, "बाई, गैरसमज नको. वळचणीतली जुनी नाही दिली. तुमच्यासाठी मुद्दाम नवी केली. काचेने घासून घेतलीय, ओठाला टोचायची नाही."

खरोखरच ती गुळगुळीत होती. आमच्या लोकांसाठीच्या करवंट्या वळचणीला खोचलेल्या असत, काळ्या पडलेल्या. त्यातली एखादी दिली असती, तर कदाचित मी निमूट प्यायले असते. रूढी म्हणून. ही मात्र आजच्या दिवसासाठी, मला घटना वाचायला सांगितल्यावर, कोणीतरी बसून घासली होती.

मी उठले. भरलेली करवंटी खोतांच्या कपाशेजारी टेबलावर ठेवली.

"मी यातून पिणार नाही."



खोत हसले. "अगो, तुझ्या बापाने जन्मभर करवंटीतून आमचे ताक प्यायले. कधी ठसका नाही लागला त्याला!"

लोक हसले. अंगणाच्या कडेला, महारवाड्यातल्या माणसांत, माझे वडील उभे होते. तेही हसले. खोत बोलले की हसायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते.

ते हसू मी पाहिले. टेबलावरची करवंटी परत उचलली.

"करवंटी मी नेते," मी म्हणाले. "माणगावला, मामलेदार कचेरीत. हा आता गुन्हा आहे."

"बाय पेटली रं!" मागून कोणीतरी म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही.

"नोकरी करायचीय ना गो?" खोतांनी विचारले.

"करायचीय."

हेडमास्तर मला बाजूला घेऊ लागले. "बाई, आज कचेरी बंद. प्रजासत्ताक दिनाची सुट्टी ना! घरी जा. उद्यापर्यंत राग निवेल."

मी चहा मातीत ओतला. करवंटी पदरात बांधली.

"कचेरी उद्या उघडते," मी म्हणाले.

तोवर राग निवू द्यायचा नाही, एवढेच काम उरले होते. ते मी आजतागायत करते आहे.