हत्तीगवताची पूजा

साठ सालाच्या आसपास आमच्या विहिरीजवळ हत्तीगवत आलं आणि माझं डोकं फिरवून गेलं. ग्रामसेवकांनी सायकलला बांधून उसासारखी कांडी आणून दिली आणि बजावलं, कमरेएवढं झालं की बुडाशी कापा, शेणखत घाला, पाणी द्या, पुन्हा फुटतं. माझे सासरे मान डोलवत होते. त्यातलं त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं.

मला त्या गवताची गरज होती. माझ्या वडिलांनी दिलेली म्हैस गोठ्यात होती. दूध आटलं तर ती ढाणकीच्या बाजारात जाणार, हे घरात ठरूनच गेलं होतं. "भाकड म्हैस पोसायले आपन काय जहागीरदार हाओ?" असं सासरे उठताबसता म्हणत.

दिवाळी झाली, माळ वाळला. नुसत्या कडब्यावर म्हशीचं दूध उतरायला लागलं. गवत कमरेला लागलं तशी मी विळा घेऊन निघाले, तर सासरे बांधावर आडवे आले.

"कनीस तं येऊ दे. कनसाबगर पूजा कायची करू?"

आमच्याकडे ज्वारीच्या सोंगणीला, म्हणजे कापणीला, पहिला विळा घरातला मोठा माणूस लावतो, तोही कणसाला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून. ते ठीक. पण हे गवत!

"मामाजी, याचा दाना कोन खाते?"

"सोंगनी ते सोंगनी," म्हणाले.

गवत डोक्यावरून गेलं. आर्णीचे पाहुणे आले की सासरे त्यांना चहाआधी तेच दाखवत. मी गुपचूप चार पानं ओढायला गेले तर त्यांच्या काठांनी हात चिरले. इकडे चरवीत दूध रोज कमीच. मला इतका संताप यायचा की भाकरी थापतानाचा आवाज शेजारी ऐकू जाई.

पौषात एकदाचं कणीस आलं. नारळ फुटला, सासऱ्यांनी विळा लावला. गव्हाणीत पडले ते बांबूसारखे धांडे. म्हशीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

"नखरेल हाय तुही म्हैस," सासरे म्हणाले.

माघात तिला बाजारात नेलं. मी दाराशीसुद्धा गेले नाही.

फाल्गुनात त्याच बुडख्यांना लुसलुशीत फुटवे आले. सासरे स्वतः विळा घेऊन चुलीपाशी आले. "काप वो पोरी आता. कवळं हाय. पूजा राहू दे."

"कोनाले घालू?" मी विचारलं.

त्यांनी गोठ्याकडे पाहिलं. "बैलायले टाक," म्हणाले.

बैलांनी ते असं मिटक्या मारत खाल्लं, की मला तिथं उभं राहवेना.