घरटी एक माणूस: ओझरच्या रांगेतून डिंभ्याच्या वरच्या खाचरापर्यंत

लिखाण अडलं की मी आधी चहा करते, मग कपाट आवरते. तरीही अडलेलंच राहिलं तर गाडी काढते. या वेळी गाडी काढावी लागली.

अडलं होतं ते एका पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण: सामाजिक मानसशास्त्राचा विकास. मराठीतून शिकणाऱ्या पदवीच्या मुलांसाठी. हा विषय मी कैक वर्षं शिकवते, पण याची सुरुवातच एका कोड्यापासून होते. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं, की सायकलस्वार एकटा असताना जातो त्याहून सोबत असली की जोरात जातो. त्याच सुमारास दुसऱ्या कुणी माणसांना दोर ओढायला लावला, तर ओढणारे वाढले तसा एकेकाचा जोर कमी झालेला दिसला. मग चार माणसांत माणूस जास्त काम करतो की कमी? पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे. ते कागदावर उतरवताना मात्र दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे शोधत असल्यासारखं वाटत होतं.

कच्चा मसुदा वैशालीला पाठवला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता घोडेगावला नोकरी करते. तिचं उत्तर आलं, "मॅडम, छान आहे. पण यात आमच्याकडचं कुणीच नाही. शुक्रवारी आईच्या शेतात पडकई आहे. याच तुम्ही."

गुरुवारी पहाटे पुण्याहून निघाले. चाकण लवकर ओलांडा, एवढाच माझा सल्ला. नंतर ट्रकच्या मागे बसून उन्हाळा मोजावा लागतो. नारायणगावला मिसळ खाल्ली, शंभराच्या आत पोट भरतं. तिथून ओझर जवळच. विघ्नहराच्या दर्शनाला बरीच मोठी रांग होती आणि शेजारी कठड्याची दुसरी वाट चक्क मोकळी.

"भाऊ, ती बाजू बंद आहे का?" मी पुढच्या गृहस्थांना विचारलं.

"म्हाईत न्हाई. पर सगळी हितंच हायेत, म्हंजी बंदच असंल."

मागची बाई म्हणाली, "आवो राव, जाऊन बगा की!"

"तुमी व्हा म्होरं, आमी येतो मागनं."

सगळे हसले आणि कुणी हललं नाही. अशा वागण्यावर मी दर वर्षी अख्खा तास घेते. मीही हलले नाही. शेवटी गुडघे धरून उभ्या असलेल्या एक आजी पुटपुटत त्या मोकळ्या वाटेनं निघाल्या. ती वाट उघडीच होती. बघता बघता सगळी रांग त्यांच्या मागे पळाली, आणि जुन्या रांगेत उरलेल्या आम्हा चौघांना त्यांच्याआधी दर्शन झालं.

मुक्काम जुन्नरला केला. खोली साधी, स्वच्छ, हजाराच्या आतली. संध्याकाळी शिवनेरीच्या पायथ्याशी फिरले. कातळावर ऊन उतरताना पाहत बसले आणि प्रकरणाचा विचारसुद्धा केला नाही.

शुक्रवारी सकाळी घोडेगावला वैशालीला गाडीत घेतलं. डिंभे धरणानंतर पाणी बराच वेळ डाव्या-उजव्या हाताला साथ देतं. पेट्रोल घोडेगावातच भरून घ्या. धरणाच्या पाण्याकडे बघत मी तिला प्रकरणाचा पुढचा भाग सांगत होते. महायुद्धानंतर अभ्यासकांना प्रश्न पडला, की साधी, भली माणसं हुकूम मिळाला म्हणून क्रूर कशी होतात. त्यातून केवढं काम उभं राहिलं. मग पुढच्या पिढीनं विचारलं, आपण माणूस माणूस म्हणतो, पण तपासली ती तर थोड्याशा देशांतली कॉलेजची मुलं!

"म्हणजे तुमच्या विषयाला पण उशिरा कळलं," वैशाली म्हणाली.

"कळलं, हे काय कमी आहे?"

शेवटचा रस्ता कच्चा आहे. छोटी गाडी असेल तर खाली शाळेजवळ लावून चालत जा.

वैशालीच्या आईचं, हिराबाईंचं शेत उतारावर आहे. भात लावायचं तर उतार तोडून खाचर सपाट करायचं आणि खाली दगडांचा बांध घालायचा. हे एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून पडकई. घरटी एक माणूस येतं, दिवसभर राबतं, जेवतं. मजुरी नाही. नंतर त्यांच्या शेतावर आपल्या घरचं माणूस जातं. हिराबाईंचा बांध गेल्या पावसात वाहून गेला होता. यंदा तो झाला नसता तर खाचरात पाणी ठरलं नसतं, भात हुकला असता. किती घरं येतील याची त्यांना धाकधूक होती, कारण तरुण पोरं आता चाकणला कामाला. पण उन्हं चढायच्या आत शेत माणसांनी भरलं.

मी लांब सावलीत बसून बघणार होते. हिराबाईंनी मला खालपासून वर न्याहाळलं. "हात रिकामंच हायेत न्हवं? या मग."

दगड हातोहात वर द्यायचे होते. माझ्या एका बाजूला वैशाली, दुसऱ्या बाजूला शेजारचे किसनभाऊ.

"मॅडम, दगड हाय त्यो, सत्काराचा नारळ न्हाई. पोटाशी धरा!"

"किसनभाऊ, तुमी तुमचं बगा. मगाशी तुमच्याच पायावर पडला व्हता," हिराबाई वरून ओरडल्या.

त्या ओळीत अंग चोरायला जागाच नव्हती. मी थांबले की पुढचे हात रिकामे लोंबायचे आणि मागचे दगड धरून वाकायचे. दुपारपर्यंत माझी कंबर बोलू लागली, पण थांबावंसं वाटेना. बांध कमरेएवढा झाला तेव्हा मी उगाच त्यावर थोपटून पाहिलं.

जेवायला भात, कडधान्याची झणझणीत आमटी, नाचणीची भाकरी आणि पानावर करवंदं. हात धुताना हिराबाई म्हणाल्या, "मग आमी कवा यायचं?"

"कुठे?"

"तुमच्याकडं. तुमचा दिस फेडाया."

मी हसले. "अहो, त्याची काय गरज! मी आपली गंमत म्हणून आले."

"गंमत व्हय," किसनभाऊ हळूच म्हणाले. हिराबाई ताटं उचलून आत गेल्या.

भांडी घासताना वैशालीनं समजावलं. "मॅडम, ज्यानं दिवस फेडून घेतला नाही, त्याला पुन्हा हाक मारता येत नाही. संबंध तोडायचे असले की लोक 'नको' म्हणतात."

मुक्काम हिराबाईंकडेच होता. त्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मला माझे सगळे 'नको' आठवले. शेजारणीला, बहिणीला, मैत्रिणींना. उगाच कशाला त्रास, असं म्हणत मी मदत टाळते आणि त्याला समजूतदारपणा समजते.

सकाळी निघताना म्हटलं, "हिराबाई, माझ्याकडे काम आहे. मी एक प्रकरण लिहितेय. ते वाचून दाखवीन. जिथं पटणार नाही तिथं मला थांबवायचं."

"बसून?"

"बसून."

"बसून दिस फिटत न्हाई. कायतरी उचलायाचं सांगा."

मग आठवलं. घर बदलल्यापासून पुस्तकांची खोकी तशीच पडली होती. तेही काम ठरलं. हिराबाई हसल्या तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. परतताना भीमाशंकरला जायचं ठरवलं होतं, पण शनिवारची गर्दी वाटेतच दिसली. देवाला लांबूनच हात जोडले आणि खाली वळले. तुम्ही मात्र मधल्या वारी जा.

पंधरवड्यानं हिराबाई एसटीनं पुण्याला आल्या, पिशवीत तांदूळ आणि करवंदं घेऊन. खोकी फोडून त्या पुस्तकं लावत होत्या, मी वाचत होते. युद्धाच्या भागात त्या बसल्या जागी चक्क झोपल्या. तो भाग मी नंतर निम्मा केला. दोराच्या प्रयोगाला मात्र थांबल्या.

"वढणारी मानसं येकमेकाच्या वळखीची व्हती का?"

हा प्रश्न पुढच्या काळात अभ्यासकांनीही विचारला होता. ओळखीच्या, जीव लागलेल्या माणसांत जोर तितका घटत नाही असं त्यांना दिसलं. मी हे चार पानांनंतर लिहिलं होतं. ते उचलून दोराच्या लगेच खाली आणलं आणि त्यानंतर पडकई लिहिली. प्रकरण त्या आठवड्यात पुरं झालं.

पुस्तकं हिराबाईंनी विषयाप्रमाणे नाही, उंचीप्रमाणे लावलीत. पाककृतींच्या शेजारी प्रयोगपद्धती. मी तशीच ठेवली आहेत. स्टँडवर एसटीत चढताना त्या एवढंच म्हणाल्या, "फिटला दिस."

आता संपलं, असं वाटून घरी येताना थोडं रितं वाटलं होतं. काल हिराबाईंचा फोन आला.

"ताई, किसनभाऊंचा बांध ऱ्हायलाय. बुधवारी घरटी एक मानूस सांगितलंय. तुमच्या घरचं कोन येतंय?"

मी एकटीच राहते, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. तरी मी घरभर एकदा नजर फिरवली आणि म्हटलं, "मीच येते."