तुळसाने बदललेला शेवट

पालीजवळच्या काजूच्या कारखान्यात तुळसा म्हणजे बायकांचं थेटर. तिचा भाऊ रत्नागिरीच्या थेटरात तिकिटं फाडायचा, त्यामुळे प्रत्येक नवा पिक्चर तिला फुकट. दुसऱ्या दिवशी काजूगरांची सालं काढताना ती अख्खी गोष्ट सांगायची. रडायचीसुद्धा स्वतःच. तेव्हाच्या नट्या मार खायच्या, उपास करायच्या आणि शेवटी नवऱ्याचे डोळे उघडायचे. तुळसाला ते फार आवडायचं.

मग एक वेगळाच पिक्चर आला. त्यातली बायको मार खाऊन कंटाळली, मुलीला घेऊन एस.टी.त बसली आणि परत आलीच नाही. तुळसाच्या काही हे पचनी पडेना. त्यात समोर बसली होती गंगा, नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी आलेली. तिच्या डोक्यात भलतंसलतं शिरायला नको म्हणून तुळसाने शेवटच बदलला. नवरा स्टँडवर धावत आला, त्याने हात जोडले, बायको घरी गेली. मोठं पुण्य केल्यासारखं वाटलं बाईला!

"सुधारला तो?" गंगाने विचारलं.

"सुधारतात गो शेवटी."

गंगा नांदायला गेली. परत आली ती नवरा मेल्यावर, डाव्या कानाने बहिरी होऊन. तेव्हापासून तुळसा तिच्या डाव्या बाजूलाच बसते. दुसऱ्या बाजूला बसायची तिची छाती होत नाही. गोष्टी सांगणंही तिने सोडलं. घसा दुखतो म्हणते.

परवा जेवणाच्या सुट्टीत ऋतिका नावाच्या पोरीने मोबाइलवर नेमका तोच पिक्चर लावला. "आताच्या पिक्चरात सगळ्याच बायका ताठ असतात," ती म्हणाली, "पण ही बघा, तेव्हाची!" तुळसाचा घास हातातच राहिला. बंद कर म्हणावं, तर कारण काय सांगायचं? गंगा उजवा कान पुढे करून बघत होती. एस.टी. सुटली. नवरा स्टँडवर आलाच नाही.

"गंगे, मी तुला खोटं सांगलं," तुळसा पुटपुटली. गंगाला ऐकूच गेलं नाही.

तुळसा उठली. उजव्या बाजूला येऊन बसली आणि तेच पुन्हा म्हणाली. लाजेने तिची मान वर होत नव्हती.

गंगाने डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "वयनी, आता तू सांग. तुझ्या तोंडानं. खरा शेवट."

"ती गेली गो," तुळसा म्हणाली. पुढचं तिला सांगवेना.