टाकी रिकामी असल्याचा पुरावा

पॅनेलवर चार दिवे होते. सर्वांत खाली हिरवा, म्हणजे टाकी रिकामी. त्यावर दोन पिवळे, म्हणजे एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश. सर्वांत वर लाल, म्हणजे भरली. गाडी ताब्यात आली त्या सकाळी हिरवा लागला होता. पत्नीने त्याला नमस्कार केला. त्यानंतर तो पाच आठवडे दिसला नाही.

गाडी म्हणजे जुनी बारा आसनांची व्हॅन. शहराबाहेरच्या एका वर्कशॉपने आतली आसने काढून दोन बाक, एक शेगडी, एक बेसिन आणि मागच्या कोपऱ्यात दार असलेला संडास बसवला होता. बेसिनचे आणि संडासाचे पाणी गाडीच्या पोटाखालच्या एकाच प्लॅस्टिकच्या टाकीत जाई. टाकीच्या भिंतीत तीन उंचींवर तीन स्क्रू होते. पाणी ज्या स्क्रूला टेकेल त्याचा दिवा लागावा आणि एकालाही टेकले नाही तर हिरवा, अशी योजना होती.

हा संडास चैनीसाठी नव्हता. आठ वर्षांपूर्वीच्या एका शस्त्रक्रियेनंतर पत्नीला दर पाऊण तासाने जावे लागे. तिचे पुणे तेव्हापासून लहान होत गेले. सदाशिव पेठेत माहेरी जायचे तर वाटेतला एक ओळखीचा दवाखाना आणि एक साडीचे दुकान धरून ती रस्ता आखी. सकाळी फिरायला ती टेकडीवर जात नसे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गच्चीवर चकरा मारी, कारण घर दोन मजले खाली होते. धाकटी बहीण सांगलीला. तिने बांधलेले घर पत्नीने फक्त फोटोत पाहिले होते. बहिणीला आजारी सासूंना सोडून निघता येत नव्हते आणि हिला महामार्गावर बसता येत नव्हते. मी वृत्तपत्राच्या कचेरीतून निवृत्त झालो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ही गाडी घेतली ती सांगलीसाठी.

ती उभी करायला सोसायटीच्या आवाराखेरीज जागा नव्हती. सभेत चर्चा वासापासून सुरू झाली आणि वासापाशीच थांबली. सचिव निवृत्त लेखापरीक्षक होते. त्यांनी एक महिन्याची मुदत दिली आणि अट लेखी घातली: गाडी टाकी रिकामी करूनच आवारात यावी, दर रविवारी सकाळी दहा वाजता सचिव पाहणी करतील, आणि पॅनेलवर हिरवा दिवा दिसला पाहिजे. चार रविवारांत एकदाही दिसला नाही तर गाडी बाहेर.

"टाकी रिकामी असेल, याची मी खात्री देतो," मी म्हणालो.

"आपण पत्रकार होतात," ते म्हणाले. "म्हणूनच खात्री नको. दिवा दाखवा."

पहिल्या रविवारी लाल दिवा लागला. टाकी आदल्या दिवशी धुऊन काढली होती. दुसऱ्या रविवारी लाल आणि खालचा पिवळा असे दोन लागले, मधला नाही. टाकीत वर पाणी, खाली पाणी आणि मधे काही नाही, असा त्याचा अर्थ होत होता. सचिवांनी तो वहीत जसाच्या तसा उतरवून घेतला. तिसऱ्या रविवारी पुन्हा लाल.

मी वर्कशॉपच्या मालकाला फोन केला.

"साहेब, बेसिनमध्ये आमटीचं भांडं धुता का?"

"धुतो."

"मग कसं चालेल? फोडणीचं तेल स्क्रूवर बसतं, त्यावर घाण बसते. पाणी खाली गेलं तरी त्याला वाटतं पाणी आहे."

"मग काय करायचं?"

"आमटी कमी करा."

पत्नी शेजारी उभी राहून ऐकत होती. "आमटी सोडून प्रवास करायचा, तर मी घरी बसून आमटी खाते," ती म्हणाली. मालकाने ते ऐकले असावे, कारण त्याने दुसरा उपाय सांगितला. परदेशात लोक टाकीत बर्फ टाकून गाडी फिरवतात. बर्फ आतून आपटतो आणि स्क्रू घासून निघतात. त्याने स्वतः हे केले नव्हते.

टाकी आम्ही मार्केट यार्डात मोकळी करत असू. तिथे माझ्या शाळेपासूनच्या मित्राचा फळांचा गाळा आहे. त्याच्या आजोबांपासून हे घर पुण्यात फळांच्या आडतीत आहे. गाळ्यामागे संडास आणि ड्रेनेजचे चेंबर होते, ते त्याने आम्हाला वापरायला दिले होते. चौथ्या रविवारच्या आदल्या दुपारी आम्ही तिथे पोचलो तेव्हा रमझान चालू होता आणि कलिंगडांचे ढीग छातीएवढे होते. मित्राचा रोजा होता. तो ढिगापाशी उभा राहून एकेक कलिंगड बोटांनी ठोकत होता आणि न बघता डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत होता.

"संपादक," तो मला म्हणाला, "रोज्यात माणसाने चांगले वास घ्यावेत. तू दर शनिवारी काय घेऊन येतोस?"

टाकी मोकळी करून धुतली. लाल दिवा तसाच होता. मित्र गाडीखाली वाकला आणि बोटांची पेरे टाकीवर वरून खाली आपटत गेला.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

"ते आम्हाला माहीत आहे," मी म्हणालो. "त्याला माहीत नाही."

"मग त्याला कशाला विचारता? मला विचारा."

पत्नीने त्याची परीक्षा घेतली. त्याला ढिगामागे उभे केले आणि साध्या पाण्याच्या पाच बादल्या संडासातून टाकीत ओतल्या. टाकी दहा बादल्यांची होती. मित्र आला, ठोकत गेला, एका जागी थांबला आणि खडूने रेघ मारली. रेघ निम्म्याच्या दोन बोटे खाली आली.

"चुकलात, भाऊजी," पत्नी म्हणाली. "बरोबर निम्मी आहे."

"वहिनी, गाडी उतारावर उभी आहे. पलीकडून बघा."

पलीकडून त्याने ठोकले. तिथे रेघ निम्म्याच्या दोन बोटे वर आली.

पण अट दिव्याची होती. त्यामुळे बर्फ आणला. बाजारात सरबतवाल्यांना बर्फ पुरवणारा हातगाडीवाला होता. त्याची एक लादी गोणपाटात घालून फोडली आणि तुकडे संडासातून आत सोडले. हातगाडीवाला शेवटच्या तुकड्यापर्यंत वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "पाहुण्यांची फारच बडदास्त आहे." पत्नीने रिठ्याचे पाणी करून बाटलीत आणले होते. रेशमी साड्या रिठ्याने निघतात, तर स्क्रू का निघू नयेत, असे तिचे म्हणणे होते. तेही आत गेले.

मित्र माझ्या शेजारी बसला. पत्नी मागच्या बाकावर, टाकीच्या बरोबर वर. गुलटेकडीच्या या यार्डातून निघून कोथरूडला वळसा घालून परत यायचे ठरले. एरवी आपण वाहन चालवताना गतिरोधक चुकवतो. त्या दुपारी आम्ही ते शोधत होतो. पहिल्यावर गाडी उडाली आणि पायाखालून असा आवाज आला की कोणी भांड्यांची मांडणी जिन्यावरून ढकलून दिली असावी. मागून पत्नी म्हणाली, "पुढे गेला सगळा. आता जरा ब्रेक मारा." मी ब्रेक मारला. "आला परत."

तिसऱ्या गतिरोधकावर ती हसू लागली. सातव्यावर मित्र हसू लागला आणि म्हणाला की हसल्याने घसा कोरडा पडतो, रोज्यात हे बरे नव्हे. कर्वेनगरात एका शाळेपुढे पाच बारीक पट्ट्यांचा गतिरोधक होता. त्यावरून आम्ही तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी वाहतूक पोलिसाने हात केला.

"काय आहे आत?"

"बर्फ," मी म्हणालो.

"कुठे चाललाय?"

"कुठे नाही. फिरवतोय."

त्याने मागे डोकावून पाहिले. पत्नी बाकाला दोन्ही हातांनी धरून, डोळ्यांतले पाणी खांद्याला पुसत बसली होती.

"बाई, काय झालं?"

"काही नाही हो. आमचा संडास घासतोय."

पोलिसाने माझ्याकडे पाहिले, मित्राकडे पाहिले. गाडीखाली बर्फ एकदा आपोआप घरंगळला. "जा," तो म्हणाला. "सावकाश जा."

"सावकाश गेलं तर निघत नाही," पत्नी म्हणाली, पण तोवर गाडी पुढे गेली होती.

तिने मोजलेले गतिरोधक एकेचाळीस भरले. बेचाळिसावा खड्डा होता. तो धरायचा की नाही यावर वाद झाला आणि तो धरला नाही. गाळ्यावर परत येऊन टाकी मोकळी केली. पांढराशुभ्र फेस चेंबरमध्ये गेला. मी पॅनेलचे बटण दाबले. हिरवा. एकटा हिरवा. पत्नीने मित्राला कलिंगड कापायला सांगितले आणि लगेच जीभ चावली. त्याने कापले, आम्हाला दिले आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

रविवारी सकाळी मित्र निकाल पाहायला आला. आम्ही रात्रीपासून गाडीत हातही धुतला नव्हता. दहाला पाच मिनिटे असताना सचिव वही घेऊन खाली उतरले. मी बटण दाबले. लाल, वरचा पिवळा, खालचा पिवळा. तीन स्क्रूंचे तिन्ही दिवे लागले होते. तळाशी राहिलेल्या पाण्यात येताना रिठ्याचा फेस झाला आणि तो वरपर्यंत चढून चिकटला, असे वर्कशॉपच्या मालकाने नंतर सांगितले. तेव्हा आम्हाला काहीच कळले नाही. मी आठ वर्षे आणि सांगली यांच्याविषयी बोलायला तोंड उघडले, पण सचिवांनी पेनाचे टोपण काढले होते.

"चौथा रविवार," ते म्हणाले. "दिवा नाही. आपला नाइलाज आहे."

"टाकी रिकामी आहे, साहेब," मित्र म्हणाला. "ठोकून बघतो, आवाज ऐका."

"आपण कोण?"

"कलिंगडवाला."

"इथे कलिंगड विकत घ्यायचं नाही. आवाजावर मी सही करत नाही."

पत्नीने पदर खोचला.

"अहो काका, आपल्या गच्चीवरच्या टाकीचा दिवा पंपाच्या खोलीत आहे ना? तो काय दाखवतो?"

सचिव थांबले. "भरली."

"केव्हापासून?"

"दुरुस्तीचा विषय सभेपुढे आहे."

"दोन वर्षं आहे. आणि रोज सकाळी सहाला तुम्ही वर येता, किल्ल्यांचा जुडगा काढता, टाकीवर वरून खाली ठोकत जाता आणि मग पंप लावायचा की नाही ते ठरवता. मी तिथेच चकरा मारत असते. दोन वर्षांत तुमचा अंदाज एकदाही चुकलेला नाही. पाणी कधी वाहून गेलं नाही की कमी पडलं नाही."

सचिवांनी टोपण पुन्हा लावले. "ती टाकी पिण्याच्या पाण्याची आहे."

"किल्ल्यांना काय कळतंय?"

मित्र आपले जोडे पाहत होता. तो हसू आवरत होता हे मला त्याच्या खांद्यांवरून कळले. सचिवांनी खिशातून जुडगा काढला. पँट गुडघ्याशी वर ओढून ते गाडीशेजारी उकिडवे बसले, चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि ठोकू लागले. वर, मधे, खाली. पुन्हा खाली. एका ठिकाणी त्यांनी कान जवळ नेला.

"तळाशी बोटभर आहे," ते म्हणाले.

"अर्धं बोट," मित्र म्हणाला.

"बोटभर."

"गाडी उतारावर आहे, साहेब."

सचिवांनी चष्मा लावून जमिनीकडे पाहिले. मग उठून त्यांनी वहीत लिहिले: टाकी रिकामी, सचिवांनी स्वतः खात्री केली. त्याखाली सही केली आणि पुढच्या रविवारीही दहाच, असे सांगून ते वर गेले.

जिन्याचे दार लागल्यावर मी पत्नीला विचारले, "हे तुला महिनाभर ठाऊक होतं?"

"दोन वर्षं ठाऊक होतं. पण काल भाऊजींनी खडूने रेघ मारली तेव्हा डोक्यात आलं."

"मग कालच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर बर्फ कोणी आणला असता?" ती म्हणाली. आठ वर्षांत ती इतका वेळ कुठे फिरली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

आम्ही पुढच्या शुक्रवारी निघालो. सांगलीपर्यंत गाडी सात वेळा थांबवली आणि एकदाही कोणाला विचारावे लागले नाही. कऱ्हाडच्या पुढे झाडाखाली तिने आमटी केली आणि भांडे बेसिनमध्ये धुतले. पॅनेलवर लाल दिवा पुण्यापासून लागलेला होता. तिने उतरून कालथ्याच्या दांड्याने टाकी ठोकली आणि अजून पुष्कळ जागा आहे असे सांगितले.

बहीण फाटकात उभी होती. मिठी मारायच्या आधीच तिने पत्नीचा हात धरून आत ओढायला सुरुवात केली.

"चल, चल. बाथरूम डावीकडे आहे. पायऱ्या नाहीत, मुद्दाम खालीच बांधलंय. आधी जाऊन ये, मग बोलू."

पत्नी फाटकातच उभी राहिली आणि घर वरपासून खालपर्यंत पाहू लागली.

"मला काही घाई नाही," ती म्हणाली. "तू चहा टाक."