केंच्याची शाल

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर बिंदुमाधवराव हौसेनं हातमाग शिकले. सध्या मागावर केंच्याची शाल होती. केंचा हा त्यांचा तांबूस कुत्रा, चौदा वर्षांचा होऊन मार्चमध्ये गेला. त्याचे विंचरून साठवलेले केस लोकरीत मिसळून त्यांनी सूत कातलं होतं. शाल परदेशातल्या लेकीला, संपदाला जायची होती. शाळेत असताना तिनंच ते पिल्लू दप्तरात घालून घरी आणलं होतं.

व्हिडिओ कॉलवर माग बघता बघता तिनं विचारलं, "अण्णा, तो झोपेतच गेला ना?"

मार्चपासून ते "हो" म्हणत आले होते. आज आडवा धागा ओवणारा धोटा हातातच थांबला.

"नाही गं. मीच इंजेक्शन द्यायला लावलं. औषधांवर अजून दोन-तीन महिने निघतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पण रोज घरभर घाण, सारखं ते कण्हणं... मी कंटाळलो होतो, संपदा. टेबलावरही तो माझा हात चाटत होता."

संपदा म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी!" आणि तिनं फोन ठेवला.

आठ दिवस तिचा फोन आला नाही, की अण्णांच्या हातून एक धागा विणला गेला नाही. नवव्या दिवशी तिचा मेसेज आला, "शाल पुरी करा. पण मला पाठवू नका. तुमच्यापाशीच राहू दे."

तिनं माफ केलं का, हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही. ते मागावर बसले आणि विणू लागले.