संत्र्याच्या कडू चकत्या

फळं वाळवायची सुरुवात मी लेकीच्या डब्यासाठी केली. मधल्या सुट्टीत ती पाकिटातले वेफर्स खायची आणि घरी आणलेली फळं टोपलीत मऊ पडायची. फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी कपडे काढायला गेले, तर सकाळी टाकलेली जाड चादर पापडासारखी कडक झाली होती. मनात आलं, हे ऊन चादर एवढी वाळवतं, तर चिकू वाळवायला त्याला किती वेळ लागेल?

तेवढ्या उत्सुकतेवर सगळं सुरू झालं. जुनी खाट गच्चीवर नेली, तिच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. वर धुतलेलं सुती लुगडं अंथरलं आणि मच्छरदाणीचा तुकडा झाकायला घेतला. चिकूच्या फोडी सुरेख वाळल्या, खारकेच्या रंगाच्या आणि चावायला चिवट. पपईच्या पट्ट्या लाल-केशरी झाल्या. केळी मात्र काळी पडली. मग लिंबाच्या पाण्यात बुडवून पुन्हा केली, ती जमली.

संत्र्याने मला हरवलं. सासऱ्यांच्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. तिथून दरवर्षी पोतं येतं. मी संत्र्यांच्या सालीसकट आडव्या चकत्या केल्या. दिसायला त्या इतक्या देखण्या वाळल्या, की उन्हासमोर धरल्यावर आरपार उजेड दिसे. पण तोंडात टाकली की पहिल्यांदा गोड, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूने असा कडूपणा यायचा की पाणी प्यावं लागे. लेकीने एक चकती चावून बेसिनमध्ये थुंकली. नवरा म्हणाला, "याले औषध म्हणून विकता येईल."

मला प्रश्न पडला, ताजं संत्रं साखरेसारखं गोड, मग हे कडू आलं कुठून? मी एका ताटात सालीसकट चकत्या ठेवल्या, दुसऱ्यात साल काढून, तिसऱ्यात बिया आणि फोडीवरचा पापुद्रा काढून नुसता गर. सदर भागातल्या ऑफिसमधून घरी आले की पर्स खाली टाकून आधी गच्चीवर जायची आणि तिन्ही ताटांतलं चाखून बघायची. कडूपणा बियांमध्ये होता, पांढऱ्या सालीत होता आणि थोडा पापुद्र्यातही होता. नुसता गर जवळजवळ गोड राहिला, पण वाळून एवढासा झाला की एका संत्र्याचा एक घासही होईना.

पहिल्या खेपेच्या कडू चकत्या बरणीभर उरल्या होत्या. त्या टाकाव्यात म्हणून मी कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवल्या. संध्याकाळी पाहते तर बरणी अर्धी रिकामी. सासरे खुर्चीवर पेपर वाचत बसले होते आणि एकेक चकती तोंडात टाकत होते. त्यांना मी बाबा म्हणते.

"बाबा, त्या फेकायच्या आहेत. कडू आहेत खूप."

"काहून फेकतेस बेटा? मस्त लागून राहिल्या."

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणताहेत. बाबांचा स्वभावच तसा. सासूबाईंनी काहीही केलं तरी ते "चांगलं झालं" म्हणायचे. सासूबाई रोज जेवताना विचारायच्या, "कसं झालं?" आणि त्यांचं उत्तर ठरलेलं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पपईची पट्टी पेपरवरची नजर न काढता चावली आणि म्हणाले, "चिकू लय गोड निघाला यंदाचा."

लेक हसली. "आबाजी, ती पपई आहे!"

"हो का? चष्मा नाही ना डोळ्यावर."

चष्मा त्यांच्या डोळ्यावरच होता.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पपई आणि चिकू यांतला फरक चवीने कळायला चष्मा कशाला लागतो? त्या रविवारी मी खेळाचं निमित्त काढलं. सगळ्यांनी डोळ्यांवर ओढणी बांधायची आणि हातात देईन ते ओळखायचं. नवऱ्याने चारही फळं बरोबर सांगितली आणि फार मोठा पराक्रम केल्यासारखा वागला. सासूबाईंनी तर चिकू कुठल्या झाडाचा असेल इथपर्यंत तर्क केला. बाबांची पाळी आली.

"गोड," ते म्हणाले. पुढचा तुकडा दिला. "हेही गोड, थोडं आंबट." मग संत्र्याची चकती. "कडू!" हे मात्र त्यांनी खुशीत सांगितलं.

"नाव सांगा ना, आबाजी. गोड म्हणजे काय, सगळंच गोड आहे."

"आता तूच सांग मग," ते म्हणाले आणि ओढणी लेकीच्या डोळ्यांवर बांधली.

लेकीला त्या आठवड्यात सडकून सर्दी झाली होती. नाक पूर्ण बंद, तोंडाने श्वास घेत होती. मी तिला चिकू दिला. ती बराच वेळ चावत राहिली. "गोड आहे. काय आहे ते समजून नाही राहिलं." पपई दिली. "हेही गोड." केळं दिलं. "थोडं आंबट." तिने ओढणी काढून टाकली आणि चिडून म्हणाली, "मला तर सगळं सारखंच लागून राहिलं!"

तिची उत्तरं आणि बाबांची उत्तरं एकच होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली आणि ओढणीची घडी घालायला लागले.

सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी हळूच विचारलं, "बाबा, तुम्हाला वास येत नाही का?"

त्यांनी ओढणीची घडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "हिवाळ्यात तो ताप आला होता ना, तेव्हापासून नाही. काहीच नाही. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही. गोड-आंबट-तिखट तेवढं समजते. कडूही. बाकी सगळं पुठ्ठा चावल्यासारखं."

"सांगितलं का नाही कोणाला?"

"कसं सांगू? तुझी सासू रोज विचारते, कसं झालं म्हणून. इतकी वर्षं माझ्यासाठी रांधून राहिली. तिले काय सांगू, तुझ्या हाताची चव मले येत नाही?"

सासूबाई दारातच उभ्या होत्या, हातात तांब्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्या रडतील असं मला वाटलं. त्या चिडल्या. "मी रोज पुसून राहिली अन् तुम्ही खोटं बोलून राहिले! अन् गॅस सुरू राहिला असता तर? घरात एकटे असता तुम्ही. वासच आला नसता तर काय केलं असतं?" हा विचार बोलताबोलता त्यांना पहिल्यांदाच सुचला असावा, कारण तिथेच त्या थांबल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. बाबांनी तांब्या त्यांच्या हातातून घेतला.

दुसऱ्याच दिवशी सदर भागातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं आणि सांगितलं, तापामुळे वासाची नस दुखावली आहे; वास येईलही परत, पण काही महिने लागतील; कदाचित येणारही नाही. एक करता येईल. सकाळ-संध्याकाळ ओळखीचे उग्र वास नाकाशी धरायचे आणि तो वास कसा होता ते मनाने आठवायचं. नवऱ्याने त्याच संध्याकाळी गॅस गळला तर वाजणारं यंत्र आणून ओट्याजवळ बसवलं.

मग घरात चार डब्या आल्या. लवंग, लिंबाचं साल, कापूर आणि चौथीत आमच्याच वाळलेल्या संत्र्याचा चुरा. लेक परीक्षा घेणाऱ्या मास्तरीणबाईंसारखी समोर बसायची.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"कापराचं नुसतं गार लागलं नाकात. वास नाही."

आम्हा दोघींना त्याचंही नवल वाटलं. वास न येता गार कसं लागतं? मी स्वतः नाक दाबून पुदिना, आलं, मिरची, दालचिनी चाखून पाहिली. मिरची नाक दाबूनही तेवढीच झोंबली. पुदिना नुसता गार झाला. दालचिनी लाकडासारखी लागली, आणि नाक सोडल्याबरोबर ती एकदम दालचिनी झाली! त्या क्षणी मला बाबांचं रोजचं जेवण कळलं. आम्ही ज्याला चव म्हणतो त्यातला केवढा तरी भाग तापाने त्यांच्या ताटातून उचलून नेला होता, आणि ते मुकाट्याने जेवत होते.

सासूबाई काही दिवस फुरंगटून राहिल्या. वाढायच्या, पण विचारायच्या नाहीत. मग एकदा त्यांनी वरणभात वाढला, शेजारी काहीतरी कुरकुरीत ठेवलं आणि म्हणाल्या, "खाऊन पहा." माझ्या फेकायला काढलेल्या संत्र्याच्या चकत्या त्यांनी तेलात तळून वर तिखट-मीठ भुरभुरलं होतं, कारल्याच्या काचऱ्यांसारखं. बाबांनी एक खाल्ली, मग दुसरी.

"काय लागलं?" सासूबाईंनी विचारलं. "चांगलं झालं म्हणू नका. काय लागलं ते सांगा."

बाबा विचार करून म्हणाले, "पहिले मीठ. मग कडू. मग तिखट, ते मागून येते. अन् कुरकुरते, ते कानाले ऐकू येते."

सासूबाईंना ते उत्तर आवडलं. तेव्हापासून त्यांचा स्वयंपाक बदलला. भाजीवर तळलेले पोहे आले, वरणात जास्त लिंबू आलं, ताटात रोज चावायला काहीतरी कडक आलं. त्या चकत्या लेकीलाही आवडायला लागल्या, आणि कडू नको म्हणून मी जो आटापिटा केला होता तो वाया गेला. पुढच्या खेपेला मी सालीसकटच कापल्या.

मे महिन्यात आंब्याची पोळी घालायला घेतली. ताटांना तूप लावायचं, त्यावर रसाचा पातळ थर ओतायचा, तो वाळला की दुसरा. सकाळच्या वेळी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बाबा राखणीला बसायचे, कारण खारी आणि बुलबुल मच्छरदाणीला जुमानत नव्हते. एका सकाळी त्यांनी वरून हाक मारली.

"बेटा, कोणाच्या घरी रॉकेल सांडलं का?"

आम्ही धावत वर गेलो. रॉकेल आता कोणाच्या घरी असतं? आम्हाला कसलाच वास आला नाही. बाबा खाटेभोवती हुंगत फिरले आणि शेवटी आंब्याच्या ताटावर वाकले. "याच्यातून येऊन राहिलं."

लेक म्हणाली, "आबाजी, तो आंबा आहे. त्याला आंब्याचाच वास आहे."

"मले तर रॉकेलच येऊन राहिलं," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "पण येऊन राहिलं ना काहीतरी!"

डॉक्टर फोनवर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे; नस जुळताना असे भलतेच वास येतात. सासूबाईंनी मात्र कपाळावर हात मारला. वर्षभर वाट पाहून आंबा यावा आणि त्याला रॉकेलचा वास यावा! त्या मोसमात बाबांनी आंबा खाल्ला नाही. आम्ही रस केला की ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे.

त्याच महिन्यात नवऱ्याने कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. दुपारी पंप सुरू केला, पाणी ताट्यांवरून झिरपायला लागलं. बाबा आतल्या खोलीत आडवे पडले होते. त्यांना ताट्यांचं कोणी सांगितलं नव्हतं. आतूनच त्यांनी विचारलं, "वाळा आणला का रे?"

सासूबाई कणीक मळत होत्या. पीठ लागलेल्या हातांनीच त्या खोलीत गेल्या. "काय म्हणाले? पुन्हा म्हणा."

"वाळा. ओला वाळा. येऊन राहिला ना."

त्या परत स्वयंपाकघरात गेल्या आणि मुठीत जिरं घेऊन आल्या. "हे?" नाही. धने आणले. नाही. हिंगाची डबी आणली. बाबा हुंगून म्हणाले, "नाही वं." लसूण ठेचून आणला, कढीपत्ता चुरून आणला, मसाल्याचा सगळा डबाच आणला. एकाचंही उत्तर आलं नाही. तरी त्या आणत राहिल्या, आणि बाबा कंटाळा न करता प्रत्येक गोष्ट नाकाशी धरून डोळे मिटत राहिले. कणीक परातीत तशीच सुकली. त्या दिवशी आम्ही उशिरा जेवलो.

त्याला आता बराच काळ झाला. लवंग आणि लिंबू बाबांना ओळखता येतं. फोडणी कधी येते, कधी नाही. संत्रं सोलताना येतं, वाळल्यावर येत नाही, आणि असं का ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. आंब्यातलं रॉकेल कमी झालं आहे, पण गेलेलं नाही. आंब्याच्या पोळीचा एखादा तुकडा ते खातात, आंबटपणासाठी. सासूबाई अजूनही रोज "काय लागलं?" विचारतात आणि उत्तर पुरतं ऐकून मगच स्वतः जेवायला बसतात.

या उन्हाळ्यात बाबांनी नवीनच काढलं. "टरबूज वाळवलं तर काय होईल?" सासूबाई म्हणाल्या, पाण्याचं काय वाळवणार? नवरा म्हणाला, ताट तेवढं उरेल. मग बाबांनी स्वतः बाजारातून टरबूज आणलं, बिया काढून जाड फोडी केल्या आणि खाटेवर मांडल्या. फोडी रोज आक्रसत गेल्या. शेवटी गडद लाल, कागदाएवढ्या पातळ पट्ट्या उरल्या, लुगड्याला चिकटलेल्या. त्या सोडवायला आम्ही पाचही जण वर बसलो.

लेक म्हणाली, मधासारखं लागतं. नवऱ्याला गुळाची आठवण झाली. मला त्यात चक्क थोडं मीठ लागलं, मी कणभरही घातलं नव्हतं तरी. सासूबाईंनी पट्टी दाताखाली धरून ठेवली आणि बाबांकडे पाहिलं.

बाबा बराच वेळ चावत होते. "थांबा," ते म्हणाले, "अजून येऊन राहिलं." आणि त्यांनी दुसरी पट्टी उचलली.